नऊ नंबरची थप्पी

रोज संध्याकाळी गोदामाचं दार ओढण्याआधी तात्याराव आत डोकावून विचारत, "कोण हाय का आत?" मग थोडं थांबत. फार वर्षांपूर्वी किडीचं औषध टाकून दार लावताना एक हमाल पोत्यांआड झोपलेला आतच राहिला होता. वेळेत सापडला म्हणून वाचला. तेव्हापासूनची ही सवय. उत्तर कधी आलं नाही. छतापर्यंत रचलेला तांदूळ त्यांचा आवाज गिळून टाकी.

मुडबीच्या वाटेवरच्या त्या सरकारी गोदामात ते राखणदार होते. बायको शोभाबाई गेल्यापासून घरी जायची घाई नसे. नऊ नंबरची थप्पी सव्वा वर्षं पडून होती. नवा तांदूळ येई, निघूनही जाई. हिला उचलायचा हुकूम मात्र येईना. तात्यारावांनीच तिला जपलं. उंदरांनी कुरतडलेली पोती ते दाभणानं शिवत. सुतळी संपली तेव्हा घरून निळी दोरी आणली.

"पोत्याला झालर लावायलास काय?" हमाल हसले.

मग निरोप आला, बीदरहून शैलश्री मॅडम तपासायला येणार. नापास झाला तर तांदूळ कोंबड्यांच्या खाद्याला लिलावात जाणार, पास झाला तर रेशनला. तो माणसांच्या ताटात पडावा, एवढंच तात्यारावांना हवं होतं. मॅडम आल्या त्या दुपारी त्यांनी डबा उघडला नाही. मॅडमनी नमुना काढायची पोकळ परखी पोत्यात खुपसली, दाणे तळहातावर घेऊन हुंगले, एक दाताखाली फोडला. चांगला राखलाय म्हणाल्या आणि सही केली.

नऊ नंबरसोबत उरलेल्या थप्प्यांचाही हुकूम निघाला. चार दिवस ट्रक लागले. पाचव्या संध्याकाळी तात्यारावांनी नेहमीसारखं विचारलं, तर रिकाम्या गोदामातून त्यांचाच आवाज तेच विचारत परत आला. आत काही नव्हतं, तरी कुलूप लावून त्यांनी ते दोनदा ओढून पाहिलं.

पुढच्या महिन्यात ते रेशनच्या रांगेत उभे राहिले. दुकानात समोरच्याच पोत्याच्या कुशीला निळे टाके होते. पुढं उभ्या अक्कम्मानं पदरात दाणे चाळवून मागं वळत कुरकुर केली, "असला जुना तांदूळ आमच्याच वाट्याला कामून, अण्णा?"

आठवड्याभरात तात्याराव झोपेतच गेले. रांगेत त्यांनी दिलेलं उत्तर अक्कम्मा अजून भाताचं आधण ठेवताना सांगते.

"जुनाच हाय, अक्का. पाणी जरा जास्ती घाल."