चौघांनी एकाच पाळण्यात बसावे

मुलं झाल्यानंतर काही वर्षं माझ्या सासरी, सिहोऱ्याला, एक पक्की समजूत होती की आमचं नवरा-बायकोचं पटत नाही. दोष सासरच्यांचा नव्हता. तिकडं काही कार्य निघालं की आम्ही चौघं जवाहरनगरच्या क्वार्टरमधून एकत्र निघायचो, भंडाऱ्याच्या स्टँडवर एकत्र उभे राहायचो, आणि तिथं बायको मुलीला घेऊन एका एसटीत चढायची. मी मुलाला घेऊन मागच्या एसटीची वाट पाहत बसायचो. पहिल्या गाडीत जागा भरपूर असायची. कंडक्टर दारातून हाका मारायचा, "या ना साहेब, रिकामी आहे!" मी हसून मान हलवायचो. माझी गाडी सिहोऱ्याला पोचेपर्यंत जेवणाची एक पंगत उठलेली असायची आणि सासूबाईंनी बायकोला आतल्या खोलीत नेऊन विचारलेलं असायचं, "काय झालं वं? मारते-बिरते का तो?"

मी मारत नव्हतो. मी घाबरत होतो.

मी बारूदीच्या कारखान्यात सुपरवायझर होतो. जिथं माल हाताळला जातो अशा आमच्याकडच्या प्रत्येक इमारतीच्या दारावर पाटी असायची, आत एका वेळी किती माणसांनी असावं याची. दाराशेजारी एक लाकडी फळी आणि फळीवर तितकेच खिळे. आत जाणाऱ्यानं आपला बिल्ला खिळ्याला अडकवायचा, बाहेर येताना काढून घ्यायचा. खिळा रिकामा नसेल तर साहेबानंही बाहेर थांबायचं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं मला त्या फळीपुढं उभं केलं.

"हे खिळे कायले आहेत, माहीत आहे का?"

"गर्दी होऊ नये म्हणून," मी म्हणालो. नवा होतो, हुशार होतो.

"जेवढे आत, तेवढेच जातीन. बाकीचे घरी जातीन. म्हणून."

मी हसलो. तो हसला नाही.

माझ्या सगळ्या नोकरीत त्या फळीवरचा एकही बिल्ला मागं राहिला नाही. नियम इतका चांगला होता. पण चांगल्या नियमाची पंचाईत अशी की तो सुटी झाल्यावर कारखान्यात राहत नाही, बसमधून आपल्याबरोबर घरी येतो. लग्नाआधी मला त्याचा काही त्रास झाला नाही. मुलगी झाली, मग मुलगा झाला, आणि एक दिवस चौघं एका रिक्षात बसलेले असताना माझ्याकडून माणसं मोजली गेली. सगळेच्या सगळे आत. बाहेर कोणीच नाही. त्या दिवसापासून मी घरातल्या माणसांचे दोन भाग करू लागलो. बायकोला कारण सांगितलं नाही. असली गोष्ट बोलली की खरी होते, असं मला वाटायचं. तिला सांगायचो, एका गाडीत मुलं भांडतात. मुलगी सहा वर्षांची होती, मुलगा तीनचा, तेव्हा हे खपूनही जायचं.

ऐंशीनंतरच्या अशाच एका हिवाळ्यात भंडाऱ्याच्या मैदानावर मीना बाजार लागला. मौत का कुआँ, आरसेमहाल, आगगाडी आणि मधोमध आकाशपाळणा. मुक्काम लांबलचक होता, म्हणून त्यांनी सीझनचे पास काढले होते आणि आमच्या कॉलनीत दुसरा विषय नव्हता. कारखान्याच्या बसमध्ये, दळणाच्या रांगेत, जिथं तिथं तोच हिशेब. रोजचं तिकीट महाग हे सगळ्यांना मान्य होतं. मग एक सिंगल पास होता: एक मोठा माणूस आणि त्याच्यासोबत एक लहान मूल, बाजार उठेपर्यंत रोज. आणि एक फॅमिली कार्ड होतं, नवरा, बायको, दोन मुलं. दोन सिंगल पासांपेक्षा ते बरंच स्वस्त होतं. शेजाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी फॅमिली कार्ड आणलं. ते पाहायला म्हणून बायकोनं आणून माझ्यापुढं ठेवलं आणि मी ते, सवयीनं, मागून वाचलं.

मागं बारीक अक्षरात अट होती. कार्ड कोणी शेजाऱ्यापाजाऱ्यांना वापरायला देऊ नये म्हणून असेल, पण चौघांनी एकत्रच यावे आणि प्रत्येक खेळात चौघांनी एकाच पाळण्यात बसावे, असं लिहिलं होतं.

मी कार्ड तिला परत दिलं.

"आपण सिंगलच घेऊ, दोन," मी म्हणालो.

बायको भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. सिहोऱ्याच्या शेतकऱ्याची मुलगी. धानाचा सौदा करायला तिचे वडील तिला लहानपणापासून सोबत न्यायचे. तिच्यापुढं महागाची वस्तू स्वस्त म्हणून विकायची, हे काम मी अंगावर घेतलं होतं.

"काहून जी?"

"हे बघ, फॅमिली कार्डात खोच आहे. समजा एक जण आजारी पडला. मग चौघांचाही दिवस वाया. सिंगलचं तसं नाही. दोघं घरी राहिले तरी दोघं जातील. लांबचा विचार केला तर सिंगलच स्वस्त पडतो."

"पोरगा आजारी पडला त मी पोरीले घेऊन झुल्यावर जाईन? घरी पोरगं तापानं फणफणून राहिलं अन् मी वर बसून शेंगा खाऊन राहिली?"

"माझी शिफ्ट बदलली तर?"

"बदलून राहिली का?"

"बदलू शकते."

"आकाशही पडू शकते, बाप्पा!" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "खरं सांगा ना. तुमाले भेव वाटते."

ती खऱ्या कारणाच्या इतकी जवळ आल्यावर मी एक छोटं भेव पुढं केलं, मोठं झाकायला. म्हणालो, हो, मला उंचावर चक्कर येते. हे साफ खोटं होतं. मी पाण्याच्या टाकीवरही चढलेलो होतो. पण बायको विरघळली.

"मंग आधीच सांगायचं ना. मले काय, आमच्याकडं सगळ्यात उंच म्हणजे तलावाची पाळ. मले वाटलं होतं चौघं मिळून वर जाऊ अन् पाहू, कसं दिसते त." एवढं म्हणून ती पुन्हा परातीकडं वळली. ते 'चौघं मिळून' त्या दिवशी बराच वेळ माझ्या कानांत राहिलं.

तिकिटाच्या खिडकीवरच्या माणसानंही मला सोडलं नाही. मी दोन सिंगल मागितले तेव्हा त्यानं माझ्यामागं उभं असलेलं सगळं कुटुंब मोजलं. "बाबूजी, फॅमिली ले लो ना. सस्ता पडेगा." मी नको म्हणालो. तो जरा पुढं वाकला आणि आवाज उतरवून म्हणाला, "घर में कुछ झगडा है क्या?"

तर अशी सोय झाली. पहिल्या फेरीला बायको आणि मुलगी वर. दुसऱ्या फेरीला मी आणि मुलगा, असं ठरलं होतं. पण मी उगाच चक्कर येऊन पडू नये म्हणून बायको मला बसूच देत नव्हती. म्हणजे एका पासाचे पैसे मी खाली उभा राहून वसूल करत होतो. खाली उभं राहण्यात मी तयार झालो होतो. पाळण्याचे खिळे, दांडे, साखळ्या सगळं पाहून घ्यायचो, इंजिनाजवळच्या पोराला रोज विचारायचो, "तेल टाकलं का?" तो मला पाहिलं की तोंड फिरवायचा.

एका संध्याकाळी, अंधार पडता पडता, बायको आणि मुलगी अगदी वर असताना इंजिन दोनदा खोकललं आणि बंद पडलं. इंजिनावरच दिवे होते, तेही गेले. पाळण्याचं चाक थोडं मागं आलं, करकरलं आणि थांबलं. मग एकदम सगळे ओरडू लागले, वरचेही आणि खालचेही.

मी शेंगदाणेवाल्याच्या पेट्रोमॅक्सजवळ उभा होतो. मुलगा माझ्या खांद्यावर. वर पाहिलं तर पाळणे काळे, आभाळ काळं, कोणता आपला ते कळेना. मी हाक मारली. माझी हाक पन्नास हाकांत गेली. चाक वाऱ्यानं हललं, वरून एक बाई किंचाळली. ती माझी होती का?

"आई कुठं गेली?" मुलानं विचारलं.

तेव्हा मला ती फळी दिसली. खरोखर डोळ्यांसमोर दिसली. दोन बिल्ले अडकवलेले. दोन खिळे रिकामे, माझा आणि माझ्या मुलाचा. जसं मी ठरवलं होतं, जसं मी जास्तीचे पैसे मोजून विकत घेतलं होतं, अगदी तसंच झालं होतं. इतकी वर्षं मी फक्त आत किती जण आहेत तेच मोजत आलो होतो. बाहेर जो उरतो तो घरी जातो, एवढंच मिस्त्री म्हणाला होता. घरी जाऊन तो काय करतो, ते त्यानं सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. क्वार्टरचं कुलूप कसं उघडायचं? परातीत मळून ठेवलेल्या कणकेचं काय करायचं? हा खांद्यावरचा रोज विचारेल, त्याला रोज काय सांगायचं? मी वर पाहत इतका मागं झुकलो की मुलानं माझे केस दोन्ही मुठींत धरले.

तेवढ्यात वरून आवाज आला. धानाच्या शेतात एका बांधीतून दुसऱ्या बांधीतल्या माणसाला हाक मारतात तसा, लांब, सरळ आवाज.

"अवो ऽ ऽ! पोराले खाली उतरवा! तुमी पडसान!"

आजूबाजूचे लोक हसले. पाळण्यावर लटकलेली बाई खाली जमिनीवर उभ्या असलेल्या नवऱ्याला पडू नका म्हणते, हे त्यांना फार आवडलं. मी मुलाला उतरवलं. मग मीही खालीच बसलो.

दोन पोरं चाकाच्या दांड्यांवर चढली आणि आपल्या अंगाच्या वजनानं ते हळूहळू फिरवू लागली. एकेक पाळणा खाली येत होता, माणसं उतरत होती. आमचा आला तेव्हा मुलगी उतरायलाच तयार नव्हती. तिच्या मते आज फुकटात मोठी फेरी मिळाली होती. बायको मात्र उतरल्या उतरल्या माझ्यापाशी आली आणि दंड धरून मला उठवलं. तिचा हात गार होता.

"वरून काही दिसलं का?" मी विचारलं. दुसरं काही सुचेना.

"काय दिसते अंधारात? तुमी दिसत होते. त्या बत्तीपाशी, पोराले घेऊन." ती पदरानं तोंड पुसू लागली. "मले माझं भेव नाई वाटलं जी. मले वाटलं, आमी दोघी गेलो त हा माणूस कसा राहीन."

कॉलनीकडं परतताना बसमध्ये मी तिला सगळं सांगितलं. फळी, खिळे, मिस्त्री, दोन एसट्या. ती खिडकीबाहेर पाहत ऐकत होती. मला वाटलं हसेल. हसली नाही. म्हणाली, "अन् मी मायले सांगत होती, पोरं भांडते म्हणून. तिले वाटते तुमी मले मारता."

दुसऱ्या दिवशी मी खिडकीवर गेलो. घेतलेले पास परत घेत नाहीत, असं तो माणूस म्हणाला. मग मी वरून फॅमिली कार्ड विकत घेतलं. त्या सीझनला भंडाऱ्यात सगळ्यात स्वस्त पास सगळ्यात महाग कोणी घेतला असेल तर तो मी. "समझौता हो गया?" त्यानं विचारलं. मी हो म्हणालो.

त्या संध्याकाळी आम्ही चौघं एका पाळण्यात बसलो. कुणाला वाटेल की माझी भीती गेली. छे! उलट आत जाणारा प्रत्येक जण मी मोजला, एक, दोन, तीन, आणि चौथा मी, आणि भीती होती तिथंच होती. फक्त बाहेर उभं राहून सोसण्यापेक्षा ती आत बसून सोसलेली बरी होती. चाक वर गेलं. मी डोळे घट्ट मिटले.

"पाहा ना," बायको म्हणाली. "चौघं मिळून पाहू म्हटलं होतं."

मी एक डोळा उघडला. खाली शेंगदाणेवाल्याची बत्ती होती आणि तिच्यापाशी, काल मी उभा होतो त्या जागी, कोणीच नव्हतं.

पुढं चैत्रात मेहुणीच्या लग्नाला आम्ही सिहोऱ्याला गेलो. एकाच एसटीनं. चौघंही एकदम उतरताना पाहून सासरे मांडवातून उठून स्टँडपर्यंत आले, सासूबाईंनी आमची दृष्ट काढली, आणि बायकोच्या कानाशी लागून पण मला ऐकू येईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "झालं ना वं सगळं गोड? मी नवस बोलली होती."

बायकोनं मान डोलावली. मीही डोलावली. माझी बोटं अजून आखडलेली होती. भंडाऱ्यापासून सिहोऱ्यापर्यंत समोरच्या सीटचा दांडा मी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो.