दहा वीसची घंटा

शाळेत घड्याळं दोन होती. एक मोठ्या बाईंच्या टेबलामागच्या भिंतीवर आणि दुसरं घंटाकाकांच्या डोळ्यांत. पहिलं बिनचूक चालायचं. शाळा मात्र दुसऱ्यावर भरायची.

घंटाकाका म्हणजे शाळेचे शिपाई. व्हरांड्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर सळईने टोले देत त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. फळ्यावर कोपऱ्यात कायमचं लिहिलेलं असायचं, 'घंटा दहा वीस'. पण दहा वीसला काका फक्त सळई हातात घ्यायचे आणि पायरीवर चढून समोर बघत राहायचे. माळाच्या पलीकडे वीटभट्टी होती, भट्टीमागे कामगारांच्या खोल्या. तिथून सात मुलं यायची. ती भट्टीचं धुराडं ओलांडून अलीकडे आली की काका टोला द्यायचे, आणि टोला ऐकला की मुलं धूम ठोकायची. कधी दहा पंचवीस, कधी दहा पस्तीस. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, पहिलं वर्षभर चिडल्या. नंतर त्यांनी नाद सोडला. "काका, निवृत्तीला तरी वेळेवर जाल ना?" एवढंच विचारायच्या.

काका स्वतः त्याच खोल्यांत वाढलेले. त्यांच्या लहानपणीचा शिपाई घंटेबरोबर फाटकाला कडी घालायचा. चौथीत असताना ते तीनदा कडीबाहेर राहिले. चौथ्यांदा बापाने हाताला धरून भट्टीवरच नेलं, विटा उलटायला. ही गोष्ट काका कुणाला सांगत बसत नसत. घंटा तेवढी उशिरा द्यायचे.

मग राज्याच्या विधानसभेत शाळांचा नवा कायदा झाला. मोजणीच्या दिवशी ज्या सरकारी शाळेत वीसपेक्षा कमी मुलं हजर असतील, ती बंद करायची आणि मुलं जवळच्या मोठ्या शाळेत पाठवायची. जवळची म्हणजे कागदावर जवळची. मध्ये सहा पदरी रस्ता होता. त्याच्यावर ना पूल, ना सिग्नल. भट्टीवरच्या आयांनी साफ सांगून टाकलं होतं, की मुलींना त्या रस्त्यापलीकडे पाठवणार नाही. बाईंनी बोटांवर मोजलं. पट तेवीस. आसपासची सोळा, भट्टीची सात. सातातली चार आली तरी शाळा तरणार होती.

आदल्या संध्याकाळी काका खोल्याखोल्यांतून फिरले. उद्या लवकर या, काही झालं तरी घंटेच्या आधी या, असं प्रत्येक दारात बजावलं. सगळ्यात धाकट्या मुलीची आई विटांची माती हातापायांवरून धूत होती. ती हसली. "काका, आमच्या पोरांना सोडून तुम्ही कधी घंटा दिलीय का?"

काकांना ते ऐकून बरं वाटलं. घरी जाऊन त्यांनी बायकोलाही सांगितलं.

मोजणीला आलेला अधिकारी तरुण होता, नम्र होता. चहा नको म्हणाला, बूट बाहेर काढून वर्गात गेला. त्याच्या हातात टॅबलेट होता. आसपासची सोळाच्या सोळा मुलं तेल लावून, भांग पाडून रांगेत बसली होती. त्याने एकेकाचं नाव विचारून टिपून घेतलं आणि दारात येऊन उभा राहिला.

दहा वीस झाले. काका पायरीवर चढले. सातही मुलं दिसत होती, पण धुराड्याच्या पलीकडे, पाण्याच्या टाकीपाशी. तिथे विटांचा एक ट्रक मागे घ्यायचं काम चाललं होतं आणि मुलं ते बघत उभी होती. धाकटी तर दप्तरावर बसली होती. घंटा झाली नव्हती, म्हणजे त्यांच्या हिशेबाने अजून बराच वेळ होता.

काकांनी सळई घट्ट धरली. त्यांचाही हिशेब साधा होता. घंटाच झाली नाही तर शाळा भरली नाही, आणि न भरलेल्या शाळेची मोजणी कोण कशी करेल? बाईंनी दारातून दोनदा खुणावलं. काकांनी हातानेच थांबा म्हटलं.

"दोन मिनिटं राहिली," अधिकारी म्हणाला.

"साहेब, अजून घंटा कुठं झालीय?"

"घंटेचा याच्याशी संबंध नाही काका. हे साडेदहाला आपोआप बंद होतं."

इतका वेळ काका समजत होते की आपण शाळा अडवून धरलीय. अडवून धरली होती ती मुलं. दहा वीसला एक टोला दिला असता तर ट्रक सोडून सातही जणांनी धूम ठोकली असती. टाकीपासून पळत यायला सात मिनिटं पुरतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यांनी सळई उचलली आणि धडाधड टोले दिले. माळावरून मुलं उधळली.

दहा छत्तीसला ती फाटकातून आत आली, धापा टाकत, हसत, नेहमीसारखी. टॅबलेटवर सोळा आकडा होता. अधिकाऱ्याने मुलांकडे पाहिलं, मग बाईंकडे. माझ्या हातात काही नाही, असं हळू आवाजात म्हणाला आणि बूट घालायला खाली बसला. नाडी बांधायला त्याला फार वेळ लागला.

हरकत घ्यायला दहा दिवस होते. बाई रोज शाळा सुटल्यावर अर्ज लिहायच्या आणि फाडायच्या. ट्रकमुळे रस्ता अडला होता असं लिहू म्हणाल्या. काका म्हणाले, रस्ता अडला नव्हता, पोरं बघत उभी होती. बाईंनी तोही कागद फाडला. टेबलावर कायद्याचं पुस्तक होतं, पण त्या ते काकांसमोर उघडत नव्हत्या. सहाव्या दिवशी त्या वर्गावर असताना काकांनीच ते उघडलं. चौथीतून सुटलेला माणूस, ओळीवर बोट ठेवून वाचणारा. नववं कलम सापडायला तास गेला. शाळेतल्या कर्मचाऱ्याच्या कसुरीमुळे मुलांची हजेरी लागली नसेल तर फेरमोजणी करावी. त्या कर्मचाऱ्यास निलंबित करून चौकशी करावी.

"हे तुम्ही वाचलं होतं," ते बाईंना म्हणाले.

"निवृत्तीला तुमचे चौदा महिने राहिलेत काका."

काकांनी कोरा कागद मागून घेतला आणि घरी नेला. बायकोला सगळं सांगितलं. ती आधी खूप बोलली. शाळेवर, सरकारवर, त्या ट्रकवर, आणि सगळ्यात जास्त नवऱ्यावर. चौकशी किती वर्षं चालते, शेजारच्याची अजून चाललीय, याचीही आठवण करून दिली. मग उठली, पेन शोधून आणलं.

"जन्मभर उशीर केलात," ती म्हणाली. "हा कागद तरी वेळेत द्या."

काकांनी चारच ओळी लिहिल्या. घंटेची वेळ दहा वीस आहे. मी ती दहा अठ्ठावीसला दिली. माझी घंटा ऐकून पळायची मुलांना सवय आहे. मुलांकडून उशीर झालेला नाही.

तीन आठवड्यांनी दोन पत्रं एकाच पाकिटातून आली. फेरमोजणीची तारीख, आणि निलंबनाचा आदेश. चौकशी संपेपर्यंत शाळेच्या आवारात पाऊल टाकायचं नाही.

फेरमोजणीच्या सकाळी काका साडेनऊलाच पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसले. एकेक करून सातही मुलं आली. काका इथं कसे, मग घंटा कोण देणार, असं मुलांनी विचारलं. काका म्हणाले, देईल कुणीतरी, तुम्ही चला. पण मुलांचे पाय रेंगाळतच होते. घंटेशिवाय त्यांना पळता येत नव्हतं.

ती धुराड्यापाशी पोचली आणि टोला आला. बाईंचा हात नवखा होता, सळई नीट बसली नव्हती. पण दहा वीस होते. मुलं सुटली. धाकटी मागे पडायला लागली तसं काकांनी तिचं दप्तर काढून स्वतःच्या खांद्याला लावलं आणि तेही पळाले, साठीला आलेला माणूस, एक हात छातीवर ठेवून.

फाटकातून एक, दोन करत सातही आत गेली. काका बाहेर थांबले. बाईंनी व्हरांड्यातून त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मुलांना वर्गात घेतलं.

श्वास जागेवर यायला वेळ लागला. मग दप्तराचा पट्टा खांद्याला रुतला तसं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी फाटकाच्या गजांवरून हात घातला, दप्तर जपून आतल्या बाजूला सोडलं आणि वर्गाच्या दाराकडे बघत उभे राहिले.