मांडी घालून बसलेले सर

आज सोसायटीच्या चढावर कुणाच्या तरी गाडीचा क्लच जळल्याचा वास आला आणि मला ड्रायव्हिंग स्कूलचे ते सर आठवले. तुमच्या आजोबांची नजर अधू झाली होती, त्यांना सारखं दवाखान्यात न्यावं लागे, म्हणून मी साठीत गाडी शिकायला निघाले होते. इंग्रजीत ‘इन्स्ट्रक्ट’ म्हणजे हुकूम सोडणं आणि शिकवणंही. सरांना त्यातलं पहिलंच येत होतं. उलव्याच्या मोकळ्या रस्त्यावर ते तोंडातला गुटखा सांभाळत ओरडायचे, “आंटी, क्लच! आंटी, गियर! डोकं नका लावू, मी बोलतो तेवढंच करा.” त्यांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक होते, पण ते अडचणीपुरते, असं मी समजत होते. एकदा मी ब्रेक दाबायला साफ विसरले, तरी गाडी सिग्नलला अलगद थांबली. म्हणजे इतके दिवस गाडी सरच चालवत होते आणि मी नुसतं स्टिअरिंग धरून बसले होते! “टेन्शन कशाला, आंटी? लायसन्स मी काढून देतो ना.” मी म्हटलं, “लायसन्स आमच्या यांना दवाखान्यात नेणार आहे का? पाय वर घ्या. मांडी घाला.” सरांनी सीटवर मांडी घातली आणि डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. गाडी पुन्हापुन्हा बंद पडली, मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून दमला, आणि अखेर क्लच कुठे धरतो ते माझ्या पायाला कळलं. आजोबांना मी शेवटपर्यंत स्वतः नेलं. सर अजूनही कामोठ्यात दिसले की सोबतच्यांना ऐटीत सांगतात, “आंटींना गाडी आपणच शिकवली.” मी गाडीची काच वर घेते.