गुळाचा सौदा आणि दातांची तार

मला बघायला आले तेव्हा होणाऱ्या थोरल्या जाऊबाई हातात पोह्यांची बशी घेऊन शेजारणीला म्हणाल्या, "दात आधी घरात शिरतील, पोरगी मागनं येईल." मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. त्यानंतर लग्न झालं, मुलगी मोठी झाली, निपाणीच्या बाजारात गुळाचं दुकान मी स्वतःच्या जोरावर उभं केलं. पण ते बोलणं मी सोडलेलं नाही आणि सोडणारही नाही.

पुढे आलेल्या दातांचा खरा त्रास मात्र धंद्यात होता. माझे ओठ मिटतच नसत. सौद्याला बसले की समोरच्याला वाटे, बाई हसतेय, म्हणजे भाव पटला. मग मला आवाज चढवावा लागे. मी तापट आहे हे सगळा बाजार सांगतो, पण त्यातला निम्मा ताप या दातांनी लावलेला आहे. आपलं तोंड आपल्याला मिटता यावं, एवढंच मला हवं होतं.

मुलगी नोकरीला लागली आणि तिनंच मला बेळगावला, टिळकवाडीतल्या दातांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाई तिच्याच वयाच्या. त्यांनी टेबलावर प्लास्टरचे जबडे मांडले. एकावर दातांना बारीक स्टीलच्या चौकोनी पट्ट्या चिकटवलेल्या आणि त्यांतून तार ओवलेली. दुसऱ्यावर तेच, पण पट्ट्या दाताच्या रंगाच्या. तिसऱ्यावर तार दातांच्या मागच्या अंगाला. चौथा जबडा मला मोकळाच वाटला. नख लावून पाहिलं तर त्यावर काचेसारखा पारदर्शक साचा बसवलेला होता.

"हा काढता-घालता येतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काही दिवसांनी पुढचा साचा, मग त्याच्या पुढचा. दात सावकाश मागं सरकतात."

मी तोच धरला. बाजारात कुणाला कळायला नको होतं. जाऊबाईंना तर नकोच.

"जेवण सोडून दिवसरात्र घालायचा, आक्का," डॉक्टरबाईंनी बजावलं.

"बाजाराचे दिवस सोडा."

"नाही सोडायचे."

"नुसती दुपार तरी सोडा."

"दातांना बाजाराची सुट्टी नसते, आक्का."

हसत हसत नाही म्हणणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं.

आमच्या धंद्यात गूळ डोळ्यांनी घेत नाहीत. प्रत्येक रव्याला, म्हणजे ढेपेला, सुरी लावायची, खडा काढायचा, चावून बघायचा. खारट लागतो का, करपलाय का, ते तिथंच कळतं. साचा तोंडात असताना हे जमेना. म्हणून मी सकाळी दुकान उघडलं की साचा डबीत ठेवी, आणि घरी गेल्यावर घाली. पुढचा साचा दातांवर बसेचना. मी तावातावानं बेळगाव गाठलं.

"तुमचा माल खोटा आहे," मी म्हणाले.

डॉक्टरबाईंनी तोंड तपासलं. "साचा कधी घालता?"

"सौदा नसतो तेव्हा."

"आणि सौदा कधी नसतो?"

हंगामात असा वेळ कुठला? मुलगी खिडकीबाहेर बघत हसू दाबत होती.

"तुम्हाला काढता येईल असं काही देण्यात अर्थ नाही," त्या म्हणाल्या. "तारच लावू."

दाताच्या रंगाच्या पट्ट्यांसाठी मी शेवटचा प्रयत्न केला. पण त्यांच्यावरची बारीक रबरं हळदीनं पिवळी पडतात म्हणाल्या. पिवळंच दिसायचं तर स्टील काय वाईट?

पहिले काही दिवस गाल सोलले गेले, भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली. खडा चावणं बंद झालं. आता मी तो पाण्यात विरघळवते, घोट घेते आणि लगेच खळखळून चूळ भरते. बाजारात आधी टिंगल झाली, मग सवय झाली.

उचगावला बारशाला जाऊबाईंनी मला गाठलंच.

"ह्या वयात तार? पुन्यांदा लगीन करतीस काय गं?"

"व्हय. पर ह्या खेपेला बघायला मी जाणार. पोहे त्यांनी करायचे."

सगळ्यात मोठ्यानं त्याच हसल्या. मी हसले नाही. मला त्यांचा हिशेब अजून चुकता करायचा आहे.

तार आणखी काही महिने राहील. नंतर दात पुन्हा पुढं सरकू नयेत म्हणून रात्री घालायला एक साचा मिळेल. रोजच घालावा लागेल का, यावर डॉक्टरबाईंशी माझी घासाघीस चालू आहे.

गेल्या आठवड्यात चिकोडीकडचा एक शेतकरी गूळ घेऊन आला. माल चांगला होता, भाव मात्र त्यानं चढवून सांगितला. मी चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि आवाज चढवणार, तेवढ्यात लक्षात आलं की माझे ओठ एकमेकांवर टेकलेत. मुद्दाम ओढून धरलेले नव्हते. आपसूक मिटले होते.

मी काहीच बोलले नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग रव्यांकडं, मग पुन्हा माझ्याकडं.

"काय झालं आक्का? राग आला व्हय?"

मी नुसतंच बघत राहिले.

"बरं, थोडं कमी करतो. बोला की."

मी आणखी थोडा वेळ तशीच बसले.