मालूची विहिरीची वाट

पाड्यावर नळ आला, तरी माझी धाकटी जाऊ मालू विहिरीवर जायची थांबेना. आमच्या सूर्यमाळची चढण काय असते ते ज्याच्या डोक्यावर हंडा असतो त्यालाच ठाऊक. पाण्यापायी आम्हा बायकांचा जीव जायचा. तोटीतून पहिलं पाणी आलं तेव्हा सकूम्हातारीनं तोटीला हळदकुंकू लावलं. आणि ही बया रोज सकाळी त्याच नळापुढून रिकामा हंडा घेऊन खाली उतरायची! लोक म्हणायला लागले, पोर गेल्यापासून मालूचं डोकं फिरलंय. मी त्यांच्याशी कचाकचा भांडले, पण आतून मलाही धास्ती होतीच.

पोर म्हणजे सपना, मालूची एकुलती एक. दीर लवकर गेला. मालूनं मजुरी करून पोरीला कॉलेजपर्यंत पोचवली. सपनाला बँकेची परीक्षा द्यायची होती आणि त्यात इंग्रजीचे असले अवघड शब्द, की म्हणता म्हणता जीभ वळत नाही. खोडाळ्याला शीला मॅडम शिकवायच्या. त्या सांगायच्या, अर्थ पुस्तकातला घ्या, पण वाक्य तुमचं तुम्ही करा, आपल्याच माणसांवर, आणि मोठ्यानं म्हणा. पण बसून अभ्यास करायला सपनाला वेळ कुठला? आईबरोबर पाण्याला जाता-येता काय होईल तेवढाच. एक झाड आलं की एक शब्द, आधी अर्थ, मग वाक्य. मालूला अक्षर येत नाही, पण ती मागनं तस्संच म्हणायची आणि पोरगी हसून हसून हंडा सांडायची.

परीक्षेला म्हणून नाशिकला निघाली आणि घाटात जीप उलटली. गेली आमची पोर. पुस्तक तिच्या पिशवीत होतं, ते कुठं पडलं देव जाणे. वाक्यं तर तिनं कधी कागदावर उतरवलीच नव्हती.

आता परवाची गोष्ट. ऊन डोक्यावर आलं तरी मालूचा पत्ता नाही. माझा नवरा देवजी म्हणाला, "जा, घेऊन ये तिला. आणि सांग, उद्यापासून विहीर बंद." मी तणतणत निघाले. आज हिला चांगली फैलावर घ्यायची असं ठरवलंच होतं. वळणावर बघते तर तिथलं ऐनाचं झाड कुणीतरी तोडून नेलेलं आणि मालू उरलेल्या बुंध्याशी बसून रडतेय.

"बाय, इथला शब्द गेला," ती म्हणाली.

"कसला शब्द?"

"सपनाचा. हे झाड दिसलं की आपसूक तोंडात यायचा. सकाळपासून आठवतेय, येतच नाही."

मग तिनं सगळं सांगितलं. वाटेवरच्या एकेका झाडाशी, दगडाशी सपनाचा एकेक शब्द होता. घरी बसून मालूला त्यातलं काही आठवत नाही. वाटेला लागली की आठवतं. वाट सोडली तर पोरीचं बोलणं जाईल, म्हणून ती रोज उतरायची. माझा राग कुठल्या कुठं गेला.

"अगं वेडे, मग राहिलेलं आमच्या रूपेशच्या मोबाइलात भरून ठेवू. घरबसल्या ऐकत बस."

"त्यात माझा आवाज येईल, बाय. इथं तिचा येतो."

ज्यानं ऐन तोडला त्याच्या सात पिढ्यांचा मी तिथंच उद्धार केला आणि मालूला हाताला धरून उठवलं. "चल, दाखव मला," म्हटलं.

काळ्या खडकापाशी ती थांबली. "रिलक्टंट. म्हणजे नाखूश. माय अंकल इज रिलक्टंट टू वर्क. काकाला काम नको असतं." देवजीचं अगदी बरोबर ओळखलं होतं पोरीनं! मला हसू आवरेना. पुढं उंबराखालच्या वाक्यात मालू स्वतः होती, काटकसरी म्हणून. मग मोहाचं झाड आलं आणि मालू माझ्याकडं बघून गप्प झाली.

"म्हण की गं."

"इरॅसिबल. म्हणजे तापट, चटकन भडकणारी. माय आंट रखमी इज इरॅसिबल, बट शी लव्ह्ज मी."

रखमी म्हणजे मीच. मी त्या पोरीला किती ओरडायचे! पाय आपटत चालू नको, केस बांध, लवकर जेव. आणि तिनं माझं हे वाक्य करून इथं मोहाखाली ठेवलं होतं. मी झाडाला धरून हमसून हमसून रडले. मालू शेजारी उभी राहून माझ्या पाठीवरनं हात फिरवत होती.

विहिरीवर आलो. विहिरीपलीकडं जीपचा रस्ता आहे, सपना त्या दिवशी तिथूनच बसली. मालूनं हंडा भरला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "इमिनंट. म्हणजे आता लगेच होणारं. माय रिटर्न इज इमिनंट."

"याचा अर्थ काय गं?"

"मी आता येतेच. पिशवी खांद्याला लावून इथंच उभी होती. म्हणाली, आई, हे शेवटचं वाक्य, नीट पाठ कर, आल्यावर विचारीन."

त्या दिवसापासून मीही हंडा घेऊन जाते. नळाशी बायका हसतात. हसा म्हणावं! देवजीला सांगून टाकलं, विहिरीचं नाव काढायचं नाही. ऐनाचा शब्द अजून सापडला नाही, पण बाकीचे मालू मला शिकवते. तिला एखादा आठवला नाही तर मला तरी आठवेल. माझी जीभ जड, शेवटचं वाक्य माझं सारखं चुकतं. ती पुन्हा म्हणायला लावते, बरोबर येईपर्यंत सोडत नाही. बरोबर आलं की मालू मान वर करून रस्त्याकडं बघते. मग मीही बघते.