अडीनडीचं मशीन

आमच्या घरात शिवणाची दोन मशिनं आहेत आणि त्यातल्या चांगल्याला हात लावायची मला बंदी आहे. बंदी घालणारी माझी बायको. नाशिकला सातपूरच्या कारखान्यात मी जन्मभर इन्स्पेक्शनला होतो. महागडी यंत्रं माझ्या भरवशावर सोडून साहेब लोक जेवायला जात. आणि घरात मोटरवर चालणाऱ्या एका शिलाई मशीनपाशी नुसता उभा राहिलो तरी आतून आवाज येतो, "अहो, तिकडे कशाला? तुमचं ते पलीकडचं."

पलीकडचं म्हणजे तिच्या माहेरून आलेलं पायाचं मशीन. काळं, जड, चालवलं की वरच्या मजल्यापर्यंत कळतं. पूर्वी कॉलनीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज ती मोटरच्या मशीनवर शिवायची आणि लाइट गेली की तेवढ्यापुरती या मशीनवर बसायची. अडीनडीला असावं म्हणून ते ठेवलेलं. आता त्याच्यावर मी बसतो.

हे असं झालं की, संधिवाताने हळूहळू तिची बोटं वाकली. आधी सुईत दोरा ओवणं गेलं, मग कात्री सुटली, मग तिच्या ब्लाउजचे हूक लावायलाही मी लागू लागलो. डॉक्टर म्हणाले, बोटं आता सरळ होणार नाहीत, आणखी वाकू नयेत एवढं बघू. म्हणजे शिवण संपलं. हे मला समजलं, डॉक्टरांना समजलं. तिला विचारा, ती म्हणेल, "सध्या बंद आहे." कोणी ब्लाउजपीस घेऊन दारात आलं की हात पदराखाली घेऊन तिचं ठरलेलं उत्तर: "सध्या नाही हं घेत मी, डोळ्यांचं जरा चाललंय." तिचे डोळे उत्तम आहेत. माझी टीप केसभर वाकडी गेली तर तिला स्वयंपाकघरातून दिसते. मुलगा पुण्याहून फोन करतो, त्यालाही "बरं आहे रे, थोडं दुखतं" एवढंच. मी काही बोलायला गेलो की डोळे मोठे करून गप्प बसवते.

त्यात सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी येवल्याला गेली. आमच्याकडे बाळाला पहिली गोधडी आजीच्या हातची असते. नवं कापड चालत नाही, घरातल्या माणसांनी वापरून वापरून मऊ केलेलंच लागतं. कॉलनीतली कितीतरी पोरं हिच्या गोधड्यांवर लोळून मोठी झाली. आणि स्वतःच्या नातवंडाच्या वेळी हे असे हात! तिने कपाटातून कापडं काढली. आत घालायला माझ्या आईचं लुगडं, वरून तिची स्वतःची सुती साडी, ठिगळांना मुलाचा शाळेतला शर्ट. सगळं पलंगावर मांडलं आणि दुपारभर त्याच्यापुढे बसून राहिली. मला ते बघवेना.

"मी शिवतो," म्हणालो.

ती हसली. त्या हसण्याचा मला इतका राग आला की त्या तिरमिरीतच मी पायाच्या मशीनवर जाऊन बसलो.

आता माझं काम म्हणजे मोजूनमापून. खडूने रेघा मारल्या, स्टीलची पट्टी लावली. ती म्हणाली, "गोधडी कडेने सुरू करायची, फिरत फिरत मध्यावर यायचं. आणि आधी हाताने कच्चा टाका घाला." मी म्हटलं, "मशीन असताना हाताने टाके कशाला?" आणि दिली सरळ टीप मारून. मशीनने वरची साडी पुढे ढकलत नेली, आतलं लुगडं मागे राहिलं, आणि शेवटाला पोचलो तेव्हा एका बाजूला चांगली वीतभर साडी लोंबत होती आणि दुसऱ्या बाजूला आत बोळा झाला होता. तिने हाताची पाठ त्यावरून फिरवून बघितली.

"उसवा," म्हणाली.

मी कारखान्यात लोकांचा माल परत पाठवला असेल, पण इतक्या कोरड्या आवाजात कधी नाही. उसवली. कच्चा टाका घातला, पुन्हा शिवली. "उसवा." तिसऱ्यांदा कोपरा फुगला. "एवढाच उसवा." शिवणारा मी, उसवणारा मी, गुडघे माझे, डोळे माझे, आणि ही पलंगावर बसून हुकूम सोडणार! त्यात आणखी एक. मी मशीनवर बसलो रे बसलो की ही उठायची, मनगटाने खिडकीचा पडदा ओढायची आणि टीव्हीचा आवाज वाढवायची. आमचं घर तळमजल्याला, खिडकी रस्त्यावर.

"मी काय चोरी करतोय का?" एकदा विचारलंच.

"असू द्या ना. लोक बघतात."

बघू देत की! मेनरोडच्या बोळात जा, मशीन घेऊन पुरुषच बसलेले आहेत. त्यांच्या बायका पडदे ओढत फिरतात का? नवरा शिवताना दिसला तर हिला लाज वाटते, असं मी धरून चाललो आणि आतल्या आत धुमसत राहिलो.

पण गोधडी झाली. टिपा सगळ्या कडेशी समांतर, चारही कोपरे सपाट, मागची बाजू पुढच्या बाजूइतकी स्वच्छ. तिने पूर्ण गोधडीवरून मनगट फिरवलं, सावकाश, कडेपासून मध्यापर्यंत. काही सापडलं नाही. "चालेल," म्हणाली. उभ्या जन्मात मला कुठल्या शाबासकीने एवढं बरं वाटलं नव्हतं.

बारशाला आम्ही एसटीने येवल्याला गेलो. गोधडी तिने पिशवीत ठेवू दिली नाही, मांडीवरच घेऊन बसली. सुनेच्या माहेरी पैठणीचे माग. विणकराचं घर, तिथली माणसं कापड हातात आलं की आधी उलटं करून बघतात. विहीणबाईंनी गोधडी घेतली, तशीच उलटी केली, बोट फिरवलं, आणि जावांना हाका मारल्या. "अगं या इकडं. मागची बाजू बघा." मग माझ्या बायकोकडे वळून, "विहीणबाई, लय सुरेख हात हाय तुमचा. आमच्याकडं मागावर बसतात त्या पोरींना दावायला पायजे ही."

सगळ्या बायका हिच्याकडे बघायला लागल्या. मी समोरच बसलो होतो, हातात पेढा. मी वाट बघितली. आता म्हणेल, मग म्हणेल. हिने हात पदराखाली घेतले, पाळण्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आवडली ना? झालं तर."

झालं तर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर सुनेचे काका माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "दादा, नशीब काढलंत, अशी बायको मिळाली." आणि मी मान हलवली. दुसरं काय करणार? चारचौघांत उठून सांगू, की ती मी शिवली आहे म्हणून? कोणी विश्वास ठेवला असता?

परतीच्या एसटीत विंचूर येईपर्यंत मी दम धरला. मग राहवेना. "एकदा सांगायला काय झालं होतं, यांनी शिवली म्हणून?"

ती खिडकीबाहेर कांद्याच्या शेतांकडे बघत होती. "सांगितलं असतं, तर तुम्ही का नाही शिवली, असं मलाच विचारलं असतं," म्हणाली.

मला ते उत्तर पटलं नाही. विचारलं असतं तर सांगायचं, हात दुखतात म्हणून, त्यात काय! दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवूनच उठलो. आता दुसरी गोधडी शिवायची, मोटरच्या मशीनवर, पडदा उघडा टाकून, आणि कॉलनीत सगळ्यांना सांगायचं. ती देवाला फुलं आणायला बाहेर गेली होती. मी चांगल्या मशीनवरचं, तिनेच भरतकाम केलेलं झाकण उचललं.

सुईखाली ब्लाउज होता. बाटलीच्या रंगाचा हिरवा, तिच्या स्वतःच्या मापाचा. एक बाही जोडलेली, दुसरी अर्धी. सुई मधेच कापडात रुतलेली, वर रिळावर तोच हिरवा दोरा. बोटं थांबली त्या दिवशी जिथे टीप थांबली, तिथेच सगळं उभं होतं. आणि मशीनवर धुळीचा कण नव्हता. ती दोन मनगटांत फडकं धरून ते पुसत होती, मला कळू न देता.

मी तिथे बसायचं म्हणजे आधी ती सुई वर करावी लागणार होती.

पडदा माझ्यासाठी नव्हता, तिच्या बोटांसाठी होता, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. कोणाचा ते धड कळेना. डॉक्टरांचा, की दारात येऊन "कधी सुरू करताय?" विचारणाऱ्या बायकांचा, की त्या वाकड्या बोटांचा. साऱ्या कॉलनीच्या बाह्या जोडून दिल्या तिने आणि स्वतःची एक बाही राहावी? हा कुठला न्याय? मी झाकण परत घातलं. ती आली, तिने झाकणाचा एक कोपरा मनगटाने सरळ केला आणि फुलं ठेवायला गेली.

दुपारी मी पायाच्या मशीनवर बसलो. पडदा मीच ओढला. दुसऱ्या गोधडीची कड घेतली तेवढ्यात फोन वाजला. येवल्याहून विहीणबाई. त्यांच्या पुतणीला दिवस गेले होते, तिला तशीच गोधडी हवी होती. "ताईंना द्या ना फोन, त्यांनाच इचारते."

ती समोर पलंगावर बसली होती. फोनमधलं तिला ऐकू जात होतं. हात पदराखाली गेले आणि ती माझ्याकडे बघायला लागली.

मी फोन खांद्याशी धरला आणि पाय चालू केले. जोरात, वरच्या मजल्यापर्यंत कळेल असे. "ती मशीनवर बसलीय हो," म्हणालो. "येतोय ना आवाज? आता उठायची नाही ती. पण देईल शिवून."

फोन ठेवेपर्यंत पाय थांबवले नाहीत. एका हाताने कापड कुठे सावरतंय, टीप पार वाकडी जाऊन मधेच घुसली होती. ती उठून आली, माझ्या खांद्यावर मनगट टेकवून वाकली, आणि बराच वेळ ती टीप बघत राहिली.

"उसवा," म्हणाली.