जमलं काय त्यांचं?

लग्न होऊन ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये आल्यावर मी काचेच्या टाकीत एक फायटर मासा पाळला. त्याच्यासोबत गप्पी ठेवू नका, त्यांच्या लांब शेपट्या तो फाडतो, असं दुकानदार म्हणाला. मग तळाशी राहणारे, शांत स्वभावाचे, मिशीवाले, कोरी जातीचे सहा मासे आणले. सिंदेवाहीकडे गावतलावात जन्मभर जाळं टाकलेले माझे बाबा रोज फोनवर विचारायचे, "जमलं काय वं त्यांचं?"

मी वैतागायची. "मासेच तं आहेत, बाबा! काऊन रोज विचारता?"

ते फोन ठेवायचे.

माशांच्या आडून ते माझ्या संसाराचं विचारत होते, हे ते गेल्यावर कळलं.

टाकीत जमलं, बाबा. घरातही जमलं. विचारा ना एकदा.